रबरी बुश, पॉलीचे बुश आणि ट्रनियनमधले तेल

अर्धा इंची पाना
ट्रायम्फ हेरल्ड किंवा स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन उघडणाऱ्यांना काल या मंचावर एका सदस्याने सल्ला दिला : "रबरी बुश फेकून पॉलियुरेथेनचे बसवा, ट्रनियनमध्ये ग्रीस भरा, रॅकमधला प्ले शिम काढून घालवा. एका सुट्टीचे काम." (नवख्यांसाठी : बुश म्हणजे सांध्यातली उशीसारखी नळी, पॉलियुरेथेन म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिक, ट्रनियन म्हणजे पुढच्या चाकाचा खालचा फिरता सांधा, रॅक म्हणजे चाके वळवणारा दातेरी दांडा, प्ले म्हणजे ढिलाई आणि शिम म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी.) हे वाचून गप्प राहवले नाही, म्हणून हा धागा.

रबरी बुश बहुतेक वेळा फाटतो तो चुकीच्या वेळी आवळल्यामुळे. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना विशबोनचे (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दुशाखी हाताचे) बोल्ट आवळले, तर रबर त्याच स्थितीत जखडते आणि गाडी जमिनीवर उतरताच कायमचे पिळलेले राहते. बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, पुढून दाबून सोडावी आणि मगच ते आवळावेत.

रॅकबद्दल तर बोलायलाच नको. रॅकचे आयुष्य सरळ रस्त्यावर जाते, त्यामुळे त्याचे मधले दात झिजतात आणि टोकांचे जवळजवळ कोरे राहतात. मधला प्ले शून्यावर आणलात, की स्टिअरिंग पूर्ण वळवताना त्याच कोऱ्या दातांवर रॅक अडकतो. असे सुटे भाग बदलण्याला पुनर्बांधणी म्हणणे मला मान्य नाही.

निळा धूर
तो सल्ला माझाच होता, नाव घेतले असते तरी चालले असते. आपले प्रवचन प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी उत्तम आहे. मी गाडी चालवतो. आज नव्याने बनणारे रबर मूळच्या दर्जाचे नसते, आणि आपण सांगता तसेच, गाडी चाकांवर उभी करून आवळलेले माझे रबरी बुश काही महिन्यांत चिरले. पॉली कुरकुरते अशी तक्रार करणारे ते कोरडे बसवतात. पॉलीचा बुश मधल्या नळीभोवती फिरत असतो, म्हणून त्याला वंगण लागतेच.

डावे आटे
बुशवरून आपण खुशाल भांडा, पण "ट्रनियनमध्ये ग्रीस भरा" या तीन शब्दांना मी सोडणार नाही.

ट्रनियन ब्राँझचा असतो आणि पोलादी व्हर्टिकल लिंकचे (चाक धरणाऱ्या उभ्या भागाचे) खालचे टोक त्यात आट्यांनी बसते. स्टिअरिंग वळवताना लिंक त्या आट्यांवरच फिरते. ग्रीस आट्यांच्या तळाशी नीट पोहोचत नाही, कालांतराने घट्ट होते आणि आत शिरलेले पाणी तिथेच राहते. मग लिंक गंजते, गंजाच्या खड्ड्यातून तडा जातो आणि एके दिवशी चाक आडवे होते. कंपनीच्या पुस्तिकेत ईपी ९० हायपॉइड (गिअरचे जाड) तेल सांगितले आहे ते उगाच नव्हे.

माझ्या मित्राच्या स्पिटफायरची लिंक सुदैवाने गाडी वळवून लावताना, चालण्याच्या वेगात तुटली. तुटलेला भाग मी हातात घेऊन पाहिला आहे. बहुतेक भाग जुन्या गंजाने तपकिरी झालेला होता आणि कडेची एक बारीक कोर तेवढी चकचकीत होती. गाडी इतके दिवस त्या कोरेवर चालली होती. आधीच्या मालकाने त्यात निष्ठेने ग्रीसच भरले होते.

निळा धूर
एका तुटलेल्या लिंकवरून सगळ्यांना फासावर चढवू नका. तेल ट्रनियनच्या तळाच्या चकतीतून गळते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. ज्याचे तेल जमिनीवर आहे त्याच्या आट्यांत काय असते? हवा! त्यापेक्षा ग्रीस बरे.

डावे आटे
गळते म्हणूनच ते पुनःपुन्हा भरायचे असते, वरच्या सीलपाशी तेल डोकावेपर्यंत. ज्याला तेवढाही कंटाळा आहे, त्याने ट्रनियन नसलेली गाडी घ्यावी.

शिमवाला
अवांतर होईल, पण विशबोनच्या ब्रॅकेटमागच्या शिम कुठे किती होत्या हे कोणीच लिहून का ठेवत नाही? सगळे एका डब्यात टाकतात आणि नंतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळत नाही म्हणून अलाइनमेंटवाल्याच्या नावाने खडे फोडतात. त्यानेही टो-इन (चाके पुढून आत किती वळली आहेत) तेवढे पाहिलेले असते, हा भाग वेगळा.

अर्धा इंची पाना
शिमचा मुद्दा अवांतर नाही, तोच मुख्य आहे. निळा धूर यांना इतकेच सांगतो की आजच्या रबराबद्दलचे त्यांचे म्हणणे दुर्दैवाने खरे आहे. मात्र त्यावरून पॉली सर्वत्र बसवावे असे सिद्ध होत नाही. रॅकच्या रबरी माउंटिंगच्या जागी ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवून पाहा, स्टिअरिंग नेमके होईल आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा मनगटाला कळेल.

निळा धूर
माझ्या गाडीत ठोकळेच आहेत आणि मनगटे शाबूत आहेत. तरीही पंडितांच्या समाधानासाठी तेलाची गन मागवतो. बुश मात्र पॉलीचेच राहतील.

डावे आटे
गन येण्याआधी लिंक काढून आटे तपासा, कारण पडलेला तडा तेलाने बुजत नाही. बसवताना एका बाजूचे आटे उलटे आहेत हे ध्यानात ठेवा. ट्रनियन शेवटपर्यंत फिरवून थोडा मागे घ्या, नाहीतर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लिंक आत टेकेल. आणि फोटो टाका. आट्यांचे हवेत, पॉलीचे नकोत.