पीसी शटडाऊन केला तरी रात्री आपोआप चालू होतोय

पावसाळी_बेडूक:
मंडळी, जरा मदत करा. घरचा डेस्कटॉप, असेंबल केलेला, सात वर्षं जुना, विंडोज टेन. रात्री नीट शटडाऊन करून झोपतो आणि दोन-अडीचला कॅबिनेटचा पंखा घुंईं करत सुरू. आधी वाटलं चिरंजीव गुपचूप गेम खेळतायत, त्याला चांगलं झापलं, पोरगं रडकुंडीला आलं, पण परवा तो आजोळी गुहागरला होता तरी पीसी चालू झालाच. वेळ ठरलेली नाही, कधी दोन तर कधी पहाटे पाच. आम्ही चिपळूणला, पाऊस मरणाचा. काय काय बघू?

संगणकसम्राट:
व्हायरस. फॉरमॅट मार.

निवांत_नाना:
अहो सम्राट, मशीन बंद असताना व्हायरस कुठून बटण दाबणार? बेडूकराव, लाईट येते-जाते का रात्री? बायॉसमध्ये (पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून उघडतो तो सेटिंगचा मेनू) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीतरी सेटिंग असतं, ते पॉवर ऑनवर असेल तर लाईट जाऊन आली की पीसी आपला उठून बसतो. ते पॉवर ऑफ करा, तिथेच वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून पीसी उठवणं) आणि आरटीसी अलार्म (ठरल्या वेळी उठवणारं घड्याळ) पण बंद करून टाका. आणि नक्की शटडाऊनच करताय ना, स्लीप नाही? स्लीपमधून तर टेबलाला धक्का लागून माऊस हलला तरी जागा होतो, अपडेटचा टायमर पण उठवतो.

पावसाळी_बेडूक:
शटडाऊनच हो नाना. तुम्ही सांगितलेलं सगळं बंद केलं, लाईट पण गेली नव्हती, तरी काल पुन्हा तेच. अजून एक, कधी कधी चालू होतो आणि लोगो येतोय न येतोय तोच फट्कन बंद, थोड्या वेळाने परत चालू.

स्क्रू_ढिला:
हे आधी सांगायचं ना राव! पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की काय होतं? जबरदस्ती बंद. तुमचं बटण आत अडकतंय नाहीतर त्याच्या स्विचला गंज आलाय. मी रत्नागिरीत रिपेअरिंगच करतो, पावसाळ्यात हे ठरलेलं. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, पुढच्या पॅनेलवरून मदरबोर्डवर येणारी 'पॉवर एसडब्ल्यू' लिहिलेली दोन पिनांची वायर उपटा. मग प्लग लावून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा, पीसी चालू होईल. शेजारच्या पिनेला टोक लावू नका. तिथे पाच व्होल्टच्या वर काही नसतं, घाबरायचं कारण नाही, पण एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, अजिबात उघडू नका. शटडाऊन करून दोन-तीन रात्री तसाच ठेवा.

निवांत_नाना:
च्यायला, मी बायॉसमध्येच घुटमळत बसलो.

पावसाळी_बेडूक:
स्क्रूभाऊ, मानलं! तीन रात्री गाढ झोपला पीसी. बटण खोलून बघितलं तर स्विचच्या पायांवर हिरवट बुरशीसारखं साठलेलं आणि दाबलं की वर यायलाच मागत नाही. नवीन स्विच मिळेपर्यंत काय करू?

स्क्रू_ढिला:
रिसेटची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावा, स्विच सारखाच असतो. रिसेट बटणाने चालू करायचा.

पावसाळी_बेडूक:
केलं, चालतंय! बटण एवढंसं आहे की पेनाचं टोक लागतं. पेन चिरंजीवांच्या ताब्यात आहे आणि झापल्याची भरपाई म्हणून एसएसडी मागतोय.