प्रति: कॉलेजच्या पोरांनी अधिकाऱ्यांना पाणी काय समजावायचं?

वर कुणीतरी लिहिलंय की उन्हाळ्यात पोरं पंचायत समितीत पीपीटी दाखवतात, साहेब माना डोलावतात, चहा पिऊन सगळे घरी. पीपीटीचं पटलं, पण ऐकणाऱ्यांना काही पडलेली नसते हे नाही पटत. मी सोलापुरात बीएस्सीच्या सुट्टीत हेच काम केलंय, प्रोजेक्टर सुरू व्हायच्या आधीच प्रश्न यायचा, "उजनी धरण उणे वीस टक्के म्हणजे नेमकं किती पाणी हो?"

आता उजनीची गंमत अशी की एकूण 117 टीएमसीतला (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 63 च्या वर मृतसाठाच, म्हणजे आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी, उपयुक्त साधारण 53, आणि टक्के मोजतात ते फक्त उपयुक्तावर, त्यामुळं उणे 20 ला पण धरणात 50 च्या वर टीएमसी असतंच, फक्त पातळी इतकी खाली जाते की शहरासाठी दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी पंपानं दोनदा उचलायची वेळ येते. फळ्यावर खडूनं धरण काढून मधे एक आडवी रेघ मारली, वर उपयुक्त, खाली मृत, तेव्हा कुठं खरी चर्चा सुरू झाली, टँकर कधी, पंप कधी, उसाला कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) कधी. आमचे रंगीत नकाशे मात्र कुणी ढुंकून बघितले नाहीत, सरांनी कौतुकानं प्रिंट काढलेले बिचाऱ्यांनी.