सोलापूर जिल्ह्यात घर आणि गाडीचा कार्बन कमी करायचा तर सुरुवात कुठून?

जुळेसोलापूरकर: सोसायटीत वाद चाललाय, एक जण म्हणतो सगळ्यांनी ई-स्कूटर घ्या, दुसरा म्हणतो आपली वीज कोळशाचीच, फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र उभंय, मग फायदा काय? सांगा की कुणीतरी.

कडक_भाकरी: फायदा आहे ओ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. ई-स्कूटरला १०० किमीला ३-४ युनिट पुरतात, ग्रीडच्या एका युनिटमागं पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तरी तीन किलोपर्यंत; पेट्रोल स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोनेक लिटर लागतं, म्हणजे पेट्रोलपेक्षा कमीच. पण सात रस्त्याहून नवी पेठेत जायला गाडी कशाला काढता, ते आधी सांगा!

छतावरचा_माणूस: आधी छत बघा. ३ किलोवॅट सोलरला सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी, दिवसाला १२ युनिटच्या आसपास निघतात, आपल्याकडे उन्हाला काय तोटा. मी बसवलं तर मीटर बदलायलाच दोन महिने लावले, रोज फोन, रोज "उद्या येतो". आणि उरलेल्या स्लॅबला पांढरा चुना मारा, मे महिन्यात खालची खोली राहण्यासारखी होते, आमची आई आता दुपारी तिथंच झोपते.

पंखा_प्रेमी: जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, आणि आपल्याकडे पंखा मार्चपासून बंदच होत नाही.

जुळेसोलापूरकर: चुन्याचं पटलं बघा. रविवारी बादली-ब्रश घेऊन चढतो, टाकीचं झाकण पण तुटलंय तेवढंच बघून होईल.