स्वान लेक: सीडीवरचा क्रम आणि रंगमंचावरचा क्रम जुळत का नाही?

ओडेट_ओडिल:
चायकोव्हस्कीच्या स्वान लेक या बॅलेचं 'संपूर्ण' असं लिहिलेलं ध्वनिमुद्रण आणि सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहाचा व्हिडिओ शेजारीशेजारी लावून ताडून पाहतोय. तीन जागी अडलंय. काळ्या हंसिनीचं, म्हणजे ओडिलचं, पा द द (दोघांचं नृत्य) व्हिडिओत तिसऱ्या अंकात येतं, सीडीवर मात्र ते पहिल्या अंकातच वाजून जातं. ओडिलचं एकल नृत्य ज्या सुरावटीवर होतं, ती सीडीवर कुठेच नाही. आणि सरोवरकाठच्या अदाज्योचा (नायिका ओडेट, म्हणजे पांढरी हंसिनी, हिच्या संथ नृत्याचा) शेवट व्हिडिओत हळुवार विरत जातो, सीडीवर एकदम द्रुत लयीत धावतो. सीडीत काही गाळलंय का? रंगमंचाशी जुळणारं ध्वनिमुद्रण कोणतं घ्यावं?

चौथी_विंग:
काहीही गाळलेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळे स्कोअर (संगीताच्या लिखित संहिता) आहेत, नाव तेवढं एक.

सीडीवर आहे तो 1877चा, म्हणजे मॉस्कोच्या बोल्शॉयमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हाचा चायकोव्हस्कीचा मूळ स्कोअर: चार अंक, प्रस्तावना आणि 29 क्रमांक. रंगमंचावर बहुतेक ठिकाणी दिसतो तो 1895च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगातून आलेला. चायकोव्हस्की 1893मध्ये गेला होता. नृत्यरचना पेतिपा आणि इवानोव यांची (सरोवरकाठचे दोन्ही प्रवेश इवानोवचे), आणि संगीताची फेरमांडणी मारिइन्स्कीचा कंडक्टर रिक्कार्दो द्रिगो याने केली.

आता तुमच्या तीन जागा. काळ्या हंसिनीचं पा द द हा मूळचा क्र. 5. तो पहिल्या अंकात राजपुत्राच्या वाढदिवसाच्या जल्लोषात होता, ओडिलशी त्याचा संबंधच नव्हता. 1895मध्ये तो उचलून तिसऱ्या अंकात नेला. ओडिलच्या एकल नृत्याचं संगीत मूळ बॅलेतलं नाहीच. ते चायकोव्हस्कीच्या पियानोसाठीच्या ओपस 72मधल्या 12व्या तुकड्याचं द्रिगोने केलेलं वाद्यवृंदीकरण आहे. त्याच संग्रहातले 11वा आणि 15वा तुकडा त्याने शेवटच्या प्रवेशात घातले, तेही तुमच्या सीडीवर सापडणार नाहीत. अदाज्यो म्हणजे क्र. 13चा पाचवा भाग, व्हायोलिन आणि चेलोचा संवाद. मुळात त्याला द्रुत शेवट होता. द्रिगोने तो काढून शांत समाप्ती लिहिली. त्या समाप्तीवर ओडेटचा पाय घोट्याशी बारीक थरथरत राहतो. द्रुत शेवट ठेवला तर त्या थरथरीला जागाच उरत नाही, म्हणून हा बदल मला पूर्ण पटतो.

आणखी एक घोळ होईल, आधीच सांगतो. मूळ स्कोअरमध्ये चार छोट्या हंसिनींचं नृत्य अदाज्योच्या आधी येतं, रंगमंचावर नंतर. शिवाय चौथ्या अंकातल्या क्र. 27चं नावही 'छोट्या हंसिनींचं नृत्य' असंच आहे. बसूनच्या ठेक्यावर ओबो (दोन्ही फुंकून वाजवायची वाद्यं) वाजतो ते प्रसिद्ध नृत्य 13चा चौथा भाग. नाव पाहून ट्रॅक निवडलात तर चुकीचाच लागेल, क्रमांक पाहा.

ओबो_दुसरा:
वर सांगितलंय त्यात भर. वेष्टनावर कोणती आवृत्ती ते बहुधा लिहिलेलं नसतं, पण ट्रॅकची यादी पाहिली की कळतं. पहिल्या अंकात 'पा द द' दिसलं तर 1877. यादीत ओपस 72 दिसला तर 1895. 'सुइट' किंवा 'ओपस 20ए' असेल तर ते मैफिलीसाठी निवडलेले मोजके तुकडे, त्यावरून बॅलेचा अंदाज बांधू नका. संपूर्ण स्कोअर अडीच तासांच्या आसपास जातो.

1877साठी माझी पहिली पसंती आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिम्फनी, 1976. एकल व्हायोलिन इडा हेंडेलचं आहे आणि निव्वळ त्या अदाज्योसाठी हा संच घ्यावा. ती सूर रेंगाळू देते, पण लय सुटत नाही. रोझ्देस्त्वेन्स्कीचं मॉस्को रेडिओ ऑर्केस्ट्रासोबतचं 1969चं ध्वनिमुद्रण अगदी वेगळ्या प्रकृतीचं: पितळी वाद्यं उघडी, धारदार, शेवटचं वादळ अंगावर येतं. दुत्वा आणि माँट्रियल सिम्फनी सर्वांत घोटीव. मला ते जरा जास्तच सभ्य वाटतं.

रंगमंचाशी ताडायचं असेल तर गेर्गिएव्ह आणि मारिइन्स्कीचा ऑर्केस्ट्रा, 2006. क्रम नाट्यगृहातलाच आहे.

फोनवर ऐकत असाल तर दोन ट्रॅकमधली विश्रांती आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना दुसरा त्यात मिसळणं) दोन्ही बंद करा. क्र. 28वरून 29वर संगीत न थांबता जातं. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता पडली की ती जोडणीच मोडते.

चौथी_विंग:
गेर्गिएव्हबद्दल थोडं वेगळं मत. क्रम बरोबर, पण लय नृत्याची मानून चालू नका. लय सगळ्यात जास्त फसवते ती क्र. 5च्या कोडामध्ये (शेवटच्या द्रुत भागात), जिथे ओडिलचे 32 फुएते (एका पायावर, दुसरा पाय फटकारत घेतलेल्या गिरक्या) येतात. 1895मध्ये ते पिएरिना लेन्यानीने केले होते. साधारण दोन मात्रांना एक गिरकी. लय संथ झाली तर गिरकीचा जोर मरतो आणि टाच खाली येते. फार चढली तर पाय बाजूला पूर्ण उघडत नाही, नुसता गुडघ्यापासून हलतो. त्यामुळे नाट्यगृहातला कंडक्टर त्या रात्रीच्या नर्तिकेच्या पायाकडे पाहून लय धरतो. स्टुडिओत ती गरजच नसते.

ओडेट_ओडिल:
क्रमांकांवरून लावून पाहिलं, सगळं जुळलं. आता दोन शंका. जुन्या फिल्मची एक डीव्हीडी सीडीपेक्षा किंचित वरच्या पट्टीत वाजते, ते का? आणि ओडेटसाठी कोणाकोणाला पाहावं?

तिसरी_घंटा:
पट्टीचं कारण तांत्रिक आहे. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होते, पाल या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी 25ने चालते. म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही साधारण 4 टक्के जलद, आणि पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोड्या कमी फरकाने वर: सेमीटोनच्या सुमारे 0.7 पट. दीड तासाची फिल्म साडेतीन मिनिटांहून जास्त आखूड होते. 24 चौकटींची ब्लू-रे मिळाली तर तीच घ्या. नाहीतर ज्या प्लेअरमध्ये वेग बदलता येतो त्यात 0.96 ठेवा, मात्र 'पट्टी कायम ठेवा' हा पर्याय बंद करून. तो चालू राहिला तर वेग उतरतो, सूर चढाच राहतो. टीव्हीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी थेट टिपलेल्या प्रयोगांत हा दोष नसतो.

नर्तिकांमध्ये माया प्लिसेत्स्कायापासून सुरुवात करा. बोल्शॉयची 1957ची फिल्म संक्षिप्त आहे, तरी तिचे हात पाहा: हालचाल खांद्यामागून सुटते, कोपरातून मनगटात आणि मग बोटांत पोचते. बरीच जणं फक्त मनगट हलवतात, लगेच ओळखू येतं. ती 32 फुएते करत नसे, त्याऐवजी रंगमंचाभोवती वेगाने गिरक्या घेत जाई. तेव्हा मोजत बसू नका.

नतालिया माकारोवा आणि अँथनी डॉवेल, रॉयल बॅले, 1980. अदाज्यो इतका विलंबित की मूळ स्कोअर ऐकणाऱ्याला खटकेल. पण ती एका मुद्रेत थांबून दुसरीत जात नाही, पूर्ण वाक्य नाचते.

उल्याना लोपात्किना 2006मध्ये मारिइन्स्कीत, साथीला वर आलेलाच गेर्गिएव्ह. समोरून टिपलेला प्रयोग आहे, त्यामुळे कोर द बॅलेच्या (समूहनर्तकांच्या) रांगाही दिसतात. मार्गो फाँटेन आणि नुरेयेव यांची 1966ची व्हिएन्नाची फिल्म नृत्यासाठी जरूर पाहा, पण रचना नुरेयेवची आहे, क्रम ताडायला ती घेऊ नका.

मारिइन्स्कीच्या प्रयोगात शेवट सुखान्त आहे, 1950च्या नृत्यरचनाकार सेर्गेयेवच्या मांडणीमुळे. 1895मध्ये दोघंही सरोवरात जीव देत होती. नुरेयेवच्या फिल्ममध्ये राजपुत्र बुडतो. क्र. 29 ऐकताना कोणता शेवट गृहीत धरलाय हे आधी पाहून घ्या, कारण काही कंडक्टर तिथलं मेजरमधलं (उजळ स्वरमेळातलं) वळण विजयासारखं वाजवतात, काही शोकासारखं.