मीटिंगमध्ये सगळे गप्प, मग संध्याकाळी लांबलचक मेल
प्रश्न: जपानी टीमसोबत काम सुरू होऊन दोन महिने झाले. मी मुद्दा मांडला की शांतता. संध्याकाळी त्यावरच सविस्तर मेल येतो. मला बोलून मोकळं व्हायची सवय. माझं काय चुकतंय?

उत्तर: मीटिंगमध्ये एकदम नवा मुद्दा काढू नका. तिकडे आधी एकेकाला गाठून बोलतात, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. मूळ अर्थ फार सुंदर आहे: झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. मग ‘रिंगी’चा, म्हणजे प्रस्तावाला मंजुरी घेण्याचा, कागद फिरतो, त्यावर एकेकाचा शिक्का पडतो.

उत्तर: शिवाय इंग्रजी त्यांना परकी. जर्मन शिकताना मलाही वाचलेलं कळायचं, ऐकलेलं निसटायचं. मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा.

प्रश्नकर्ता: काल पाठवले. आज मीटिंगआधी एकीने स्वतःहून फोन केला!