रानभाज्यांना क्यूआर कोड लावायला माझा विरोध का आहे

खाडीकाठ: गेल्या आठवड्यात शाळामास्तरांनी या मंचावर लिहिलं, की कातकरी वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांना मोबाईलसमोर बसवायचं, रानभाज्या, औषधी मुळ्या, मासे धरायच्या जागा सगळं यूट्यूबवर चढवायचं, झाडांना क्यूआर कोड लावायचे, म्हणजे हे ज्ञान कायमचं वाचेल. त्यांच्या लेखाखाली चार ओळी लिहायला बसले, पण विषय तेवढ्यात संपणारा नाही.

शेवळं या रानभाजीचं घ्या. पहिल्या पावसानंतर कोंब वर येतात. सोलताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. भाजीत काकड या आंबट रानफळांचा रस हवाच. एवढं व्हिडिओत येईल, मान्य. पण आमच्याकडे भाजी आणणाऱ्या काकींबरोबर रानात गेले, तेव्हा त्या बोटाने माती बाजूला करून कोंब वरच्यावर खुडत होत्या, कंदाला धक्का न लावता. दर जागी काही कोंब तसेच सोडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ते पुढल्या सालाचं." हे ज्ञान त्या उताराशी आणि तिथे दरवर्षी परत जाणाऱ्या माणसाशी बांधलेलं आहे. व्हिडिओ बघून येणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे यायचंच नसतं. शनिवार-रविवारी रस्त्याकडेला गाड्या लावून पिशव्या भरणारे लोक मी आताच बघते आहे. त्यात नकाशावर जागा दाखवली तर काय राहील?

शाळामास्तर: ताई, दिवाळी झाली की आमच्या वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. पटावरची पोरं परत येतात ती पावसाच्या तोंडावर. आजी वाडीवर, नातू भट्टीवर. कोण कोणाला रानात नेणार? आमच्याकडचे औषध देणारे एक भगत गेले, त्यांच्याबरोबर सगळं गेलं. त्यांचा साधा आवाजही कोणाकडे नाही.

आणि हळदीचं पेटंट विसरलात का? 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. माशेलकरांच्या वेळच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते 1997 मध्ये रद्द करायला लावलं, ते जुने छापील पुरावे पुढे ठेवून. नुसत्या आठवणींवर ती केस उभी राहिली नसती.

खाडीकाठ: मग पुढचंही सांगा ना. त्याच लढाईतून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ घेतले, आणि कित्येक वर्षं ते फक्त करार केलेल्या पेटंट कार्यालयांनाच बघता येत होतं. ग्रंथातलं ज्ञान सरकारने कुलपात ठेवलं, आणि ज्यांच्याकडे ग्रंथच नाही त्यांचं तुम्ही चव्हाट्यावर मांडता. हा कुठला न्याय?

रापणवाला_देवगड: मास्तर, माहिती सगळ्यांना मिळाली की काय होतं ते समुद्रावर येऊन बघा. माझो आजो पाण्याचो रंग आणि पक्षी बघून सांगायचो तारली खंय आसा. मग सगळा वाडा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला लागायचा, म्हातारीकोतारी धरून प्रत्येकाला वाटा. आता हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा मासे कुठे मिळतील त्याचा नकाशा मोबाईलवर येतो, पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून. ज्याच्याकडे मोठं इंजिन आणि पर्ससीनचं घेरून टाकायचं मोठं जाळं, तो आधी पोचतो. किनाऱ्यापर्यंत मासा येतच नाही.

नाखवा: पर्ससीनची चीड इन्कॉईसवर काढू नका. नकाशा नव्हता तेव्हा अंदाजाने फिरून डिझेल जाळत होतो. आणि नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा आमच्या गावच्या होड्या बाहेर होत्या. त्यातली काही माणसं परत आली नाहीत. त्या दिवशी कोणाच्या आजोबांना पाण्याचा रंग दिसला?

रापणवाला_देवगड: मेलेल्यांचं नाव मधे आणू नका. वादळाच्या इशाऱ्याला मी कधी नाही म्हटलं? वारा सगळ्यांना सारखाच लागतो, तो इशारा सगळ्यांना मिळायलाच हवा. माशाची जागा सगळ्यांना सांगणं ही वेगळी गोष्ट. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून उजेड दिसतो. तुमच्या बोटीवर आहेत की नाहीत दिवे ते सांगा आधी.

नाखवा: नाहीत. आणि मी तुम्हाला हिशेब द्यायला बांधील नाही. माझ्यावर बँकेचं कर्ज आहे, तुमच्या वाड्यातल्या किती पोरांना रापण ओढायची आहे ते बघा. ढग आले की नकाशा मिळत नाही, तेव्हा मीपण पक्षीच बघतो. तेवढं आजोबांचं ज्ञान माझ्याकडेही आहे.

खाडीकाठ: धागा मासेमारीकडे गेला, पण मुद्दा तोच आहे. इशारा आणि जागा यात रापणवाल्यांनी केलेला फरक मुळ्यांनाही लागू आहे: धोक्याचं सगळ्यांना सांगा, जागा नको.

वाडीवरची: मी कातकरी आहे, नर्सिंगला शिकते. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलता आहात. ताई, तुम्हाला आमची बाई उतारावर बघायला आवडते. मला शहरात राहून आजीचा आवाज ऐकायचा असतो. आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मावशी आमच्या बोलीत बोलून पाठवते, मी रात्री ऐकते. त्यातून मी शिकलेय. मोबाईलने आमचं वाटोळं होत नाही. आणि मास्तर, आजी सांगायची की मुळी काढण्याआधी तिचं नाव घ्यायचं नाही, आणि ज्याने औषध द्यायचं त्यानेच ती ओळखायची. तुम्ही कोणाला विचारून नाव पाटीवर लिहिणार होता? 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावातल्या झाडापेडांची आणि त्यांच्या ज्ञानाची नोंदवही असते. आमच्या पंचायतीची बाहेरच्या माणसाने भरली, वाडीवर कोणी पाऊल ठेवलं नाही.

निवांत: ऑस्ट्रेलियात वारुमुंगु या आदिवासी लोकांनी यावर वाट काढली आहे. मुकुर्तु नावाची संगणकप्रणाली त्यांच्याबरोबर बसून बनवली. कोणता फोटो, कोणतं गाणं कोणी बघायचं, हे जमातीच्या रिवाजाप्रमाणे ठरतं. सगळ्यांना सगळं दिसत नाही.

शाळामास्तर: ऑस्ट्रेलियाचं इथे काय सांगता, आमच्या वाडीवर धड रेंज नाही. पण मुळ्यांचे व्हिडिओ मी टाकणार नाही, आणि क्यूआर कोडही राहू दे. भाज्यांचे मात्र टाकणार, जागा न दाखवता. यात मला काही गैर दिसत नाही.

वाडीवरची: भाज्यांचेही आधी वाडीवर दाखवा. बायका बसतील, बघतील, मग सांगतील काय ठेवायचं. आणि रेकॉर्डिंगची मूळ फाईल आमच्याकडे द्यायची, फक्त तुमच्या फोनमध्ये नाही.

शाळामास्तर: फाईल देतो. बायका मात्र लावणी आटोपल्याशिवाय बसायच्या नाहीत, तोवर शेवळांचा हंगाम गेलेला असेल.

वाडीवरची: मग पुढल्या सालच्या शेवळांचं करा.