2035 साली शेतीपंप कशावर चालतील: शेतातल्या पॅनेलवर की सौर वाहिनीवर?

कोरडवाहू:
मंडळी, दहा वर्षांत शेतीची रात्रपाळीची वीज संपेल आणि पाणी दिवसाच भरता येईल, असं सगळीकडे ऐकू येतंय. हे नेमकं घडणार कसं? ज्याची जोडणी जुनी आहे त्याने सौर वाहिनीची (सौर प्रकल्पातून दिवसा वीज देणाऱ्या लाइनची) वाट पाहावी, की शेतात पॅनेल उभारावं? आणि दिवसभर फुकट वीज मिळाली तर विहिरीचं काय होईल?

वाहिनीवाला:
जोडणी असेल तर ती सोडू नका. दहा वर्षांनी बहुतेक जुने पंप सौर वाहिनीवरच असतील असं माझं ठाम मत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, पण वेग आला तो 2023 च्या दुसऱ्या टप्प्यानंतर. कारण त्यात प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. प्रकल्प उपकेंद्राजवळ असतो आणि तुमची मोटर नेहमीच्या 50 हर्ट्‌झवर चालते, त्यामुळे तुमच्या शेतावर ढग आला म्हणून पाणी तुटत नाही.

अडचण येणार ती डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. 100 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या साधारण 20 मोटरी बसतात. दिवसाची वीज आली की सगळे एकदमच पंप लावणार. त्यात ऑटोस्विच (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारं बटण) असेल तर वीज येताक्षणी सगळ्या मोटरी एकत्र उठतात आणि प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळते ती इथेच. ऑटोस्विच काढा, ओढला जाणारा करंट कमी व्हावा म्हणून 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा आणि डीपीवरच्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या ठरवा.

कंट्रोलर:
ज्यांना जोडणीच नाही त्यांना पॅनेलशिवाय वाट नाही, आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही सरकारी योजना आहे ती त्यांच्यासाठीच. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा 5 टक्के.

पण पंप निवडताना एचपीआधी हेड बघा, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते. सर्वांत जास्त तक्रारी इथेच उगवतात. ऊन कमी झालं की कंट्रोलर (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारा डबा) मोटरचा वेग उतरवतो. पाणी वेगाच्या प्रमाणात घटतं, हेड मात्र वेगाच्या वर्गाने. 50 चे 35 हर्ट्‌झ झाले की हेड निम्म्यावर येतं. म्हणजे 130 मीटरचा पंप तेव्हा जेमतेम 64 मीटर चढवेल. बोअरचं पाणी 90 मीटरवर असेल तर मोटर फिरतेय, पाणी मात्र थेंबभर नाही. आत अडकलेलं पाणी तापतं आणि पंप खराब होतो. ड्राय-रन संरक्षण (पाणी येत नसेल तर मोटर आपोआप बंद करणारी सोय) चालू आहे ना, हे बसवतानाच तपासून घ्या.

पॅनेल सकाळी गार असतानाच पुसा, तेही शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्याने. बोअरच्या क्षारांचा पांढरा थर एकदा बसला की निघता निघत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेलं तर 14 टक्क्यांच्या आसपास वीज कमी होते, तेवढी सूट आधीच धरा. बांधावरच्या झाडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या अख्ख्या रांगेला फटका बसू शकतो.

भूजल:
पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. 5 एचपी पंप 30 मीटर हेडवर चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा लाख लिटरच्या वर उपसतो. एका एकराला ठिबकने 5 मिलिमीटर द्यायला लागतं साधारण 20 हजार लिटर. म्हणजे सहा एकरांचं पाणी रोज वर येतंय आणि वीजबिलाचा लगाम उरलेला नाही. राज्याच्या चार-पंचमांश भागाखाली बसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी धरतो तो मुख्यतः वरचा झिजलेला, भेगाळलेला थर. तो रिकामा झाला की खोल बोअरला हमी नाही. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या खाली गेलेली विहीर 'खोल' धरली आहे, ती याच काळजीपोटी.

गुजरातच्या ढुंडी गावातल्या सौरपंपधारकांच्या सहकारी संस्थेने यावर एक वाट दाखवली: उरलेली वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) विकायची, म्हणजे पंप बंद ठेवण्यातही कमाई. आपल्याकडचे शेतातले सुटे पंप ग्रिडला जोडलेलेच नाहीत, त्यामुळे ही सोय मिळत नाही. माझ्या मते येत्या दहा वर्षांत धोरण बदलायला हवं ते इथे. तोपर्यंत युनिव्हर्सल कंट्रोलर (पंपाशिवाय इतर यंत्रंही चालवणारा) घ्या आणि उरलेल्या उन्हावर कडबाकुट्टी चालवा.

कोरडवाहू:
आभार. डीपीवरच्या पाळ्यांचं या आठवड्यातच बोलतो. @भूजल, पाणीपातळीची नोंद किती दिवसांनी घ्यावी?

भूजल:
पंप बंद करून बारा तासांनी दोरीला वजन बांधून मोजा, दर पंधरवड्याला. पावसाळ्याआधीची आणि नंतरची नोंद चुकवू नका.